सीएंच्या कार्यालयातील नोकरी सोडून कोकणात स्वतःचा कर-व्यवसाय : नोंदणी, कामाची मर्यादा आणि वर्षभराचे उत्पन्न

खाडीपलीकडचा

सर्व सभासदांना नमस्कार. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून चिपळूणमधील एका सीएंच्या कार्यालयात साहाय्यक म्हणून काम करतो. सीएचा माझा अभ्यास इंटरच्या एका ग्रुपवर थांबला आणि घरची परिस्थिती पाहता तो पुढे जाईल असे आता वाटत नाही. विवरणपत्रे भरणे, जीएसटीचे मासिक काम, टॅलीतील नोंदी, बँकेच्या कर्जासाठी लागणारे ताळेबंद ही बहुतेक कामे मीच करतो आणि सरांकडे कागद जातो तो तपासणीसाठी व सहीसाठी. शृंगारतळीला लहानसा गाळा भाड्याने घेऊन गुहागर तालुक्यातच स्वतःचा व्यवसाय सुरू करावा, असा विचार आता पक्का होत आला आहे.

जाणकारांनी मला पुढील बाबतीत मार्गदर्शन करावे. सीए नसलेल्या माणसाला कायद्याने कुठपर्यंत जाता येते आणि त्यासाठी कोणती नोंदणी लागते? जून ते सप्टेंबरचा हंगाम संपल्यावर उरलेले वर्ष कशावर काढायचे? आणि सरांच्या कार्यालयातील जे क्लायंट सरांपेक्षा मलाच अधिक ओळखतात, त्यांच्याशी कसे वागावे?

सहीशिक्का

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण त्यातील गैरसमजांमुळे अनेकांचे नुकसान झालेले पाहिले आहे.

दुसऱ्याचे विवरणपत्र तयार करून देण्यासाठी आपल्याकडे परवाना लागत नाही. विवरणपत्र करदात्याचे असते आणि त्याची पडताळणीही त्यालाच आधार ओटीपीने किंवा अन्य मार्गाने ३० दिवसांच्या आत करावी लागते. म्हणूनच तालुक्याच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानातही विवरणपत्रे भरली जातात. झेरॉक्सवाला आणि कर सल्लागार यांच्यातील फरक क्लायंटला नोटीस आल्यावरच दिसतो. आयकर अधिकाऱ्यांपुढे करदात्याच्या वतीने कोणी बाजू मांडावी, हे १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम २८८ मध्ये सांगितलेले आहे. त्यात वकील आणि सीए आहेत, तशीच विहित शैक्षणिक अर्हता असलेली व्यक्तीही आहे. आणि नियम ५१ प्रमाणे भारतीय विद्यापीठाची वाणिज्य किंवा विधी शाखेची पदवी ही ती अर्हता आहे. म्हणजे आपल्या बी.कॉम.च्या पदवीवर आपण अधिकृत प्रतिनिधी होऊ शकता. आयकर प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करण्यासाठी जुन्या नियमांत फॉर्म ३९ होता. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू होत असल्याने कलमांचे, नियमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात. तेव्हा अर्ज करण्याच्या दिवशी जो फॉर्म लागू असेल तोच घ्यावा, जुन्या पुस्तकातला घेऊ नये.

याच्याशी अनेक जण टीआरपी (टॅक्स रिटर्न प्रिपेअरर) योजनेची गल्लत करतात. कलम १३९ब खालील ती योजना २००६ मधली असून लहान वैयक्तिक करदात्यांपुरती होती. तिच्या ओळखपत्रावर स्वतंत्र व्यवसाय उभा राहत नाही.

जीएसटीसाठी मात्र नोंदणी हवीच, कारण क्लायंटच्या वतीने पोर्टलवर काम करायचे तर जीएसटी प्रॅक्टिशनर असावे लागते. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याचे कलम ४८ आणि नियम ८३ पाहावेत. अर्ज पीसीटी-०१ मध्ये करायचा, प्रमाणपत्र पीसीटी-०२ मध्ये मिळते आणि प्रत्येक क्लायंटने पीसीटी-०५ मधून आपल्याला अधिकार द्यायचा असतो. वाणिज्य, विधी, बँकिंग, व्यवसाय प्रशासन यांपैकी पदवी चालते. नोंदणी झाल्यापासून दोन वर्षांच्या आत नासिन या केंद्र सरकारच्या कर-प्रशिक्षण संस्थेची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. १०० बहुपर्यायी प्रश्न, २०० गुण, अडीच तासांचा वेळ आणि उत्तीर्ण होण्यासाठी निम्मे गुण, असे तिचे स्वरूप आहे. त्या मुदतीत कितीही वेळा बसता येते. रोज हेच काम करणाऱ्याला ती अवघड नाही, पण हाताने काम येते म्हणजे नियम वाचलेले आहेत असे होत नाही, हे प्रश्नपत्रिका समोर आली की कळते.

आता मर्यादा. जुन्या कलम ४४अब खालील कर लेखापरीक्षण सीएशिवाय कोणालाही करता येत नाही. व्यवसायाची उलाढाल १ कोटीच्या वर गेली की ते लागते. रोखीचे व्यवहार जमा आणि खर्च दोन्हीकडे ५ टक्क्यांच्या आत असतील तर ही मर्यादा १० कोटींपर्यंत जाते. कंपनीचे लेखापरीक्षण आणि सीएचीच मागणी करणारी प्रमाणपत्रेही आपल्या कक्षेबाहेर राहतील. पाटीवर, लेटरहेडवर किंवा व्हिजिटिंग कार्डावर आपण सीए आहोत असा भास होईल असे काहीही लिहू नये. सनदी लेखापाल कायदा १९४९ प्रमाणे तो दंडनीय अपराध आहे. ‘कर सल्लागार’ एवढे पुरेसे आहे.

ताळेबंद

मी स्वतः सीए असून रत्नागिरीत व्यवसाय करतो. धागाकर्त्यांचा शेवटचा प्रश्न आमच्या बाजूनेही नाजूक आहे, म्हणून लिहितो.

साहाय्यक बाहेर पडला की काही क्लायंट त्याच्यामागे जातात, हे प्रत्येक कार्यालयाला ठाऊक असते. त्यात गैर काही नाही, पण नोकरीत असताना कार्यालयाच्या यादीतील माणसांना फोन करणे आणि संगणकातील माहिती पेनड्राइव्हवर नेणे हे निखालस गैर आहे. आपण सरांना आधी सांगावे, हंगाम सोडून सांगावे आणि कोणत्या फायली अर्धवट आहेत याची लेखी यादी द्यावी. त्यानंतर जो क्लायंट आपण होऊन येईल, त्याच्याकडून सरांच्या नावे पत्र घेऊन कागद मागवावेत. गुहागर आणि चिपळूणमधील व्यापारी एकमेकांचे सोयरे असतात. कोण कसा बाहेर पडला हे महिनाभरात सर्वांना कळते.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे. लेखापरीक्षणाचे काम आले की आपण एखाद्या सीएंकडे जाल आणि ‘काम मी आणतो, सही तुमची, मानधन अर्धे-अर्धे’ असे सुचवण्याचा मोह होईल. आमच्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे सीएने आपल्या मानधनातील वाटा अशा बिगर-सदस्याला देणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. शिवाय २०१९ पासून आमच्या प्रत्येक प्रमाणपत्राला आणि अहवालाला यूडीआयएन हा स्वतंत्र ओळख क्रमांक घ्यावा लागतो आणि कर लेखापरीक्षणांच्या संख्येवरही मर्यादा आहे. सही भाड्याने देण्याचे दिवस त्यामुळे बरेचसे सरले. योग्य पद्धत अशी की, आपण क्लायंटची हिशेबवही लिहावी आणि त्याचे बिल आपण द्यावे. लेखापरीक्षकाची नेमणूक क्लायंटने करावी आणि त्याचे बिल लेखापरीक्षकाने द्यावे. दोन बिले पाहून क्लायंट कुरकुरतो, पण दोन्ही बाजू स्वच्छ राहतात. आपल्या सरांशी संबंध चांगले राहिले तर हे लेखापरीक्षक तेच असू शकतील.

कोरा कागद

मीही याच वाटेवर आहे, म्हणून एक स्पष्ट प्रश्न विचारतो. आमच्याकडे औद्योगिक वसाहतीतील कामगारांची विवरणपत्रे भरणारे काही जण ठरावीक मानधन घेतच नाहीत. परतावा जितका मिळेल त्याचा काही हिस्सा घेतात. कामगार खूश असतात आणि रांगा लागतात. सुरुवातीला जम बसवण्यासाठी ही पद्धत स्वीकारावी का?

सहीशिक्का

स्वीकारू नये. मानधन परताव्याशी बांधले की परतावा वाढवण्यात सल्लागाराचा स्वार्थ निर्माण होतो आणि मग न दिलेल्या देणग्या, न घेतलेले कर्ज आणि न भरलेले घरभाडे विवरणपत्रात अवतरते. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभरात १५० ठिकाणी ज्या कारवाया केल्या, त्या नेमक्या अशाच विवरणपत्रे भरून देणाऱ्यांवर आणि मध्यस्थांवर होत्या. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी स्वतःहून विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचे विभागाने त्या वेळी जाहीर केले होते.

यात कामगाराचे काय होते तेही पाहावे. उत्पन्नाची चुकीची माहिती देऊन जेवढा कर बुडवला त्याच्या २०० टक्के शास्ती जुन्या कलम २७०अ मध्ये आहे, आणि परताव्यातला हिस्सा घेऊन गेलेला माणूस त्या वेळी फोन उचलत नाही. खोटे विवरणपत्र भरण्यास साहाय्य करणाऱ्यालाही कलम २७८ खाली तुरुंगवासाची तरतूद आहे. शिवाय विवरणपत्रातच आता वजावटींचा तपशील मागतात: विम्याचा पॉलिसी क्रमांक, विमा कंपनीचे नाव, घरभाड्याची आकडेवारी. आकडा टाकून मोकळे होण्याची सोय तिथेच संपते.

एक व्यावहारिक मुद्दाही आहे. नवी करप्रणाली आता आपोआप लागू होणारी आहे आणि आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. पगारदारांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट वेगळी. विवरणपत्रही बरेचसे आधीच भरलेले समोर येते. साध्या पगारदाराचे विवरणपत्र त्याची बारावीतली मुलगी मोबाइलवर भरू शकेल, अशी स्थिती जवळ आली आहे. केवळ तेवढ्यावर गाळ्याचे भाडे काढण्याचा बेत असेल, तर तो आजच सोडून द्यावा.

वेंगुर्ल्याची

मी सिंधुदुर्गात बऱ्याच वर्षांपासून स्वतंत्रपणे हे काम करते आणि सीए नाही. वरील शेवटचे वाक्य मला पटते, आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

उरलेले वर्ष कशावर काढायचे असे आपण विचारता, पण ज्याच्याकडे आयकराच्या विवरणपत्रांशिवाय दुसरे काम नाही त्यालाच उरलेले वर्ष रिकामे असते. जीएसटीत दर महिन्याला विक्रीच्या तपशिलाची ११ आणि करभरणीच्या विवरणपत्राची २० तारीख ठरलेली आहे; तिमाही पद्धत घेतलेल्यांची महाराष्ट्रातली तारीख २२ आहे. कंपोझिशनवाल्यांचे (उलाढालीवर कमी दराने कर भरणाऱ्या लहान व्यावसायिकांचे) तिमाही पत्रक सीएमपी-०८ असते आणि वार्षिक विवरणपत्राची मुदत ३० जून. टीडीएसची तिमाही विवरणपत्रे ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे अशी येतात. ग्रामपंचायतीची आणि जिल्हा परिषदेची कामे घेणारे लहान ठेकेदार आमच्या जिल्ह्यात भरपूर आहेत. कराराची रक्कम अडीच लाखांच्या वर गेली की शासकीय कार्यालय जीएसटीचा २ टक्के टीडीएस कापते आणि वैयक्तिक ठेकेदाराचा आयकराचा १ टक्का वेगळा कापला जातो. दोन्ही ठिकाणी अडकलेला पैसा वेळेवर मिळवून देणारा माणूस ठेकेदार कधी सोडत नाही.

याला सहकाराची जोड द्यावी. सहकार खात्यामार्फत होणारी जीडीसी अँड ए (सहकार व लेखा यांची शासकीय पदविका) ही परीक्षा आपण द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. पतसंस्था, मच्छीमार सोसायट्या, विकास सोसायट्या यांच्या लेखापरीक्षणाच्या नामिकेत (लेखापरीक्षकांच्या यादीत) येण्यासाठी अनुभवाच्या अटीही असतात, त्यामुळे लगेच काम मिळेल असे नाही. पण संस्थेचा हिशेब कसा वाचावा हे त्या अभ्यासातून येते आणि संस्थांचे सचिव आपल्याला ओळखू लागतात.

उद्यम नोंदणीसारख्या गोष्टींचे मोठे शुल्क घेऊ नये. शासनाच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य होते आणि क्लायंटला हे कधीतरी कळतेच. त्याच कामातून बँकेचा प्रकल्प अहवाल येतो, त्याचे मानधन मात्र पूर्ण घ्यावे.

काजूगर

मी सावंतवाडी परिसरात काजू प्रक्रियेचा लहान कारखाना चालवतो. क्लायंट कशासाठी पैसे देतो, हे क्लायंटच्या बाजूने सांगतो.

शेतकऱ्याकडून नोंदणीकृत कारखानदाराने काजू बी घेतली की त्यावरचा ५ टक्के कर शेतकरी भरत नाही, रिव्हर्स चार्जने आम्ही भरतो. तो कर रोख खात्यातूनच भरावा लागतो, आधीच्या खरेदीवर भरलेल्या कराच्या जमा असलेल्या क्रेडिटमधून चालत नाही. क्रेडिट नंतर मिळते आणि गर विकताना वापरता येते, पण मार्च ते मे या काळात, नेमका भांडवलाचा ओघ बीकडे असताना, ही रक्कम बाजूला ठेवावी लागते. स्वतःच्या नावे बीजक आम्हालाच काढावे लागते आणि नोव्हेंबर २०२४ पासून त्याला ३० दिवसांची मुदत आहे. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या बीला हे लागू नाही. तिथे नोंदणीकृत व्यापारी नेहमीसारखा कर लावतो. प्रत्यक्षात मधला दलाल स्वतःला शेतकरी म्हणवतो, आणि माल कोणाचा हे ठरवण्यासाठी सातबारा मागितला की चिडतो.

माझे पूर्वीचे सल्लागार शहरातले होते आणि मोठे होते. त्यांच्या साहाय्यकांना यातले काहीच ठाऊक नव्हते. ते दर वर्षी एप्रिलमध्ये मलाच विचारत. आताचे सल्लागार हंगामापूर्वी फेब्रुवारीत येतात, अंदाजे खरेदी विचारतात आणि कोणत्या महिन्यात किती रोख कर लागेल याचा तक्ता देतात. मी त्यांना पूर्वीपेक्षा जास्त मानधन देतो आणि कुरकुर करीत नाही.

वेंगुर्ल्याची

काजूगर यांनी नेमक्या जागी बोट ठेवले. कोकणातील सल्लागाराने कोकणातील धंदे आधी शिकावेत. पुण्या-मुंबईच्या कार्यालयात ज्या गोष्टी कधी टेबलावर येत नाहीत, त्या आपल्याकडे रोजच्या आहेत, आणि त्या नीट येणारी माणसे थोडी आहेत.

आंब्याचे घ्या. स्वतःच्या बागेतील हापूस विकून आलेले उत्पन्न शेतीचे म्हणून करमुक्त. पण मोहोर आल्यावर किंवा फळ धरल्यावर दुसऱ्याच्या बागेतील उभे पीक विकत घेऊन फक्त काढणी आणि विक्री करणाऱ्याचे उत्पन्न शेतीचे नाही, ते व्यापाराचे आहे. जमीन कसण्यासाठी घेऊन वर्षभर खत, फवारणी, राखण स्वतः करणाऱ्याची गोष्ट वेगळी. आपल्याकडे दोघेही ‘बाग कराराने घेतली’ असेच सांगतात, त्यामुळे करारनामा वाचल्याशिवाय विवरणपत्राला हात लावू नये. स्वतःच्या आंब्याचा पल्प काढणाऱ्याचे उत्पन्न मिश्र असते; तिथे फळाचा बाजारभाव शेतीचा म्हणून वजा करून उरलेला भाग धंद्याचा धरतात. नोकरी किंवा दुकान असलेल्या बागायतदाराचे शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर गेले की ते दर ठरवण्यासाठी मिळवावे लागते आणि त्याला आयटीआर-१ (सहज) हा फॉर्म चालत नाही. ५ लाखांच्या वर गेले तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, मालकीची की कराराची, बागायत की पावसावरची, हे सारे लिहावे लागते. वाशीच्या अडत्याच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) जपून ठेवा असे मी प्रत्येक बागायतदाराला सांगते. पट्टी नसलेला आंबा फार गोड असतो, आणि अधिकाऱ्यालाही ते माहीत असते.

मासेमारीचे उत्पन्न शेतीचे नाही, ते धंद्याचे आहे. ट्रॉलर किंवा पर्ससीनच्या मालकाला हे सांगितले की त्याला आश्चर्य वाटते. मासळी खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने आणखी एक तरतूद कामाची आहे. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांवर रोख दिले तर तो खर्च एरवी नामंजूर होतो, पण मासळीच्या उत्पादकाला दिलेल्या रकमेला नियम ६डीडीमध्ये सूट आहे. किनाऱ्यावरच मासळीची वर्गवारी करून विकणारा मच्छीमारांचा प्रमुखही यात उत्पादक धरावा, असे प्रत्यक्ष कर मंडळाच्या २००८ च्या परिपत्रक क्रमांक १० मध्ये म्हटले आहे. पहाटे बंदरावर होणाऱ्या लिलावात धनादेश चालत नाही, हे मंडळानेही मान्य केले म्हणायचे. तिथून पुढे माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र ही सूट नाही.

घरगुती निवासव्यवस्था हा गुहागर, दापोली, तारकर्ली या पट्ट्यातील वाढता धंदा आहे. सेवेची नोंदणी मर्यादा २० लाख रुपये आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीभाड्यावर ५ टक्के दर असून क्रेडिट मिळत नाही. नोंदणी नसलेल्या मालकाची खोली ऑनलाइन संकेतस्थळावरून विकली गेली तर जीएसटी ते संकेतस्थळ भरते, मालक नाही. हे न समजल्यामुळे काहींनी घाईने नोंदणी घेतलेली आहे आणि आता शून्याची विवरणपत्रे भरत बसले आहेत.

दर्यावर्दी

वरील यादीत आमची जमात राहिली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील किती घरांत कोणी ना कोणी जहाजावर आहे, हे इथल्या सभासदांना सांगायला नको. आमच्या विवरणपत्राचा पाया एकच असतो: त्या वर्षी आम्ही निवासी की अनिवासी. भारतीय खलाशासाठी वर्षातील वास्तव्याची मर्यादा १८२ दिवसांची आहे आणि परदेशी फेरीवरील जहाजावर असताना सीडीसीमध्ये (खलाशाच्या सेवेच्या नोंदवहीत) नोंदलेल्या रुजू होण्याच्या तारखेपासून उतरण्याच्या तारखेपर्यंतचा काळ भारतातील वास्तव्यातून वगळला जातो. नियम १२६ मध्ये हे आहे. मला भेटलेल्या एका सल्लागारांनी पासपोर्टवरील शिक्के मोजून मला निवासी ठरवले होते. अनिवासी खलाशाचा परदेशी जहाजावरील पगार केवळ भारतातील एनआरई (अनिवासींसाठीच्या) खात्यात जमा झाला म्हणून करपात्र होत नाही, असे २०१७ च्या परिपत्रक १३ मध्ये स्पष्ट केलेले आहे. त्यांनी तेही ऐकून घेतले नाही. सीडीसीची पाने वाचता येणारा सल्लागार आमच्या गावात सुरू झाला, तर त्याला जाहिरात करावी लागणार नाही. एका जहाजावर एकाने सांगितले की पुरे.

खाडीपलीकडचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काजू, आंबा आणि खलाशी यांचे काम मी सरांकडे तुकड्या-तुकड्यांनी पाहिले आहे, पण त्याकडे असे कधी पाहिले नव्हते. आता दोन शंका उरतात. नोटिसांना उत्तर देण्याचे काम आमच्याकडे सर स्वतः करतात, त्यामुळे त्याचा मला सराव नाही. आणि मानधन मागण्याचा संकोच कसा घालवावा? गावातला माणूस ‘एवढेसे तर काम आहे’ म्हणतो आणि आंब्याची पेटी आणून ठेवतो.

ताळेबंद

नोकरी सोडण्यापूर्वी सरांना एवढेच मागा की, येणाऱ्या नोटिसांची उत्तरे आधी आपण लिहाल आणि ते दुरुस्त करतील. बहुतेक जण याला आनंदाने होकार देतील. सुरुवात सोप्या नोटिसांपासून करावी. सदोष विवरणपत्राची नोटीस असते, तिला १५ दिवसांची मुदत. विवरणपत्रातील आकड्यांत फेरफार सुचवणारी सूचना येते, तिला ३० दिवस. जीएसटीत जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) आणि ३बी (करभरणी) मधील फरकाबद्दल डीआरसी-०१बी येते, तिला अवघे ७ दिवस. तिच्याकडे दुर्लक्ष केले तर पुढील महिन्याचे जीएसटीआर-१ अडते. यानंतर वार्षिक माहितीपत्रकातील नोंद आणि विवरणपत्र यांचा मेळ घालणारी उत्तरे लिहावीत.

आयकराची छाननी आता बहुतांशी समोरासमोर होत नाही. प्रश्न पोर्टलवर येतो, उत्तर पोर्टलवर जाते, आणि वाचणारा अधिकारी कोणत्या शहरात बसला आहे हे आपल्याला कळत नाही. ओळखीने, चहापाण्याने किंवा कार्यालयातील हेलपाट्यांनी जे साधत असे ते आता साधत नाही; आणि याच कारणाने शृंगारतळीत बसलेला माणूस मुंबईच्या फोर्टमधील कार्यालयाच्या बरोबरीने उभा राहू शकतो. त्याला घटना क्रमाने मांडता आल्या पाहिजेत, प्रत्येक विधानाला कागद जोडता आला पाहिजे आणि जे विचारले नाही ते लिहिण्याचा मोह आवरता आला पाहिजे. हे ज्याला येते तो माझ्या मते स्वतंत्र झाला. गाळा नंतर घेतला तरी चालेल.

नव्या कायद्यामुळे आणखी एक संधी आहे. २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला जुना कायदा आणि त्यानंतरच्या उत्पन्नाला नवा, असे दोन्ही कायदे पुढील काही वर्षे एकाच टेबलावर राहणार. आम्हा जुन्या लोकांच्या तोंडात बसलेले कलमांचे क्रमांक निरुपयोगी होत आहेत. नव्याने शिकणारा आणि तीस वर्षांचा अनुभवी यांच्यातील अंतर इतके कमी पुन्हा कधी होईल असे वाटत नाही.

वेंगुर्ल्याची

आंब्याची पेटी घ्यावी, घरी न्यावी आणि बिल तरीही द्यावे.

संकोच जातो तो लेखी दरपत्रकाने. विवरणपत्राचे वेगळे, नोटिशीच्या उत्तराचे वेगळे, मागील वर्षाचे अद्ययावत विवरणपत्र भरायचे तर त्याचे वेगळे, असे कागदावर असले की वाद होत नाही. जीएसटीचे मानधन महिन्याला किंवा तिमाहीला घ्यावे, वर्षाअखेरीस घेऊ नये. वर्षाअखेरीस क्लायंटला आपण काय केले ते आठवत नाही. उलाढालीवर टक्केवारी घेऊ नये. कामाचा व्याप पाहून रक्कम ठरवावी.

गणपतीच्या आधी आणि नंतरचे दिवस मोकळे ठेवावेत. त्या दिवसांत चाकरमानी गावी येतात आणि भाऊबंद एकत्र आलेले असताना जमीनविक्रीचे विषय निघतात. जमीन ग्रामीण शेतजमीन असेल तर भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही, पण जवळच्या नगरपालिकेची किंवा नगरपंचायतीची लोकसंख्या १०,००० ते १ लाख असल्यास २ किलोमीटर आणि १ लाख ते १० लाख असल्यास ६ किलोमीटर अंतर सरळ रेषेत मोजावे लागते. गावाच्या नावावरून अंदाज बांधू नये, तलाठ्याचा आणि नगरपंचायतीचा दाखला घ्यावा. सातबारावर आखाती देशात असलेल्या भावाचे नाव असेल आणि जमीन करपात्र असेल तर त्याच्या वाट्यावर खरेदीदाराने अनिवासींच्या दराने कर कापावा लागतो, हे खरेदीखताच्या आधी सांगायचे असते. नंतर सांगितले तर दोन्ही पक्ष आपल्यावरच रागावतात. अशा एका सल्ल्याचे मानधन अनेक विवरणपत्रांच्या बरोबरीचे असते आणि ते योग्यच आहे.

कागदांबाबतही एक सांगते. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेचे काय झाले ते आपण पाहिलेच असेल. मूळ कागद स्वतःकडे ठेवू नयेत, स्कॅन करून परत करावेत; प्रत एक गाळ्याबाहेर आणि एक ऑनलाइन असावी. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायच्या असतात. क्लायंटचे डिजिटल सहीचे टोकन आपल्या खणात ठेवू नये, तो कितीही आग्रह करो.

सहीशिक्का

आपल्या स्वतःच्या कराबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून भर घालतो. व्यवसाय सुरू केला की महाराष्ट्राच्या १९७५ च्या व्यवसाय कर कायद्याखाली पीटीईसी नोंदणी घ्यावी. वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. अधिकृत प्रतिनिधी हा अधिसूचित व्यवसाय असल्याने ५० लाखांपर्यंतच्या जमेवर, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाखांपर्यंत, जुन्या कलम ४४अडअ मधील अनुमानित उत्पन्नाची, म्हणजे जमेचे ५० टक्के उत्पन्न धरण्याची, सोय आपल्यालाही लागू होते. काजूगर यांच्यासारखे मोठे क्लायंट वर्षाला ५०,००० रुपयांवर मानधन देऊ लागले आणि टीडीएस कापण्याचे बंधन त्यांच्यावर असले, तर ते १० टक्के कापतील. ती रक्कम आपल्या २६एएसमध्ये (कापलेल्या कराच्या पोर्टलवरील पत्रकात) दिसते की नाही हे तिमाहीला पाहावे. पीसीटी-०१ चा अर्ज मात्र नोकरीत असतानाच करावा, कारण परीक्षेची तारीख आपल्या सोयीने येत नाही.

खाडीपलीकडचा

अर्ज या आठवड्यात करतो आणि सरांशी नोटिसांबाबत बोलतो. लेखापरीक्षणाचा हंगाम संपेपर्यंत त्यांच्याकडेच राहण्याचे ठरवले आहे. गाळ्याच्या मालकांनी अनामत रकमेसाठी थांबण्याची तयारी दाखवली आहे. दर्यावर्दी, आपल्या सीडीसीची आणि मागील विवरणपत्राची प्रत वैयक्तिक निरोपातून पाठवाल का? भरलेला कर अद्ययावत विवरणपत्राने परत मागता येत नाही, त्यामुळे दुरुस्ती करायची तर दुसरा मार्ग काढावा लागेल. सरांना दाखवून मगच कळवतो.

दर्यावर्दी

पाठवली. मानधन किती ते आधी लिहा.